जुन्या मशीनचा भाग कसा शोधावा?



घरचे पायमशीन आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. पण आता गावोगावी दुसऱ्या जातीचे शिवणयंत्रही दिसते. त्याचे टेबल मोठे असते. टेबलाखाली विजेची मोटर असते. कारखान्यात दिवसभर चालावे म्हणूनच ते बनवलेले असते. शिंपी लोक त्याला पॉवर मशीन म्हणतात. काहीजण सरसकट 'जुकी' म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

नवे मशीन महाग पडते. म्हणून शहरातल्या कारखान्याने काढून टाकलेले जुने मशीन पुष्कळजण घेतात. त्यात गैर काही नाही. अशा मशीनचा सांगाडा भक्कम असतो. तो सहसा झिजत नाही. झिजतात ते लहान भाग. बॉबिन केस, हुक, दाते, सुईची प्लेट, स्क्रू, पट्टा. बोटाएवढा भाग वेळेवर मिळाला, तर मशीन आणखी कित्येक वर्षे पोट भरते. तो मिळाला नाही, तर चांगले मशीन भंगारात जाते.

म्हणून आज आपण भाग शोधण्याची रीत शिकू.

१. दुकानातले बोलणे

समजा, एका गावात सहा बायकांनी गट केला. दोन जुनी मशीन घेतली. शाळेच्या गणवेशाचे काम मिळाले. शाळा जूनमध्ये उघडणार. आणि मे महिन्यात एका मशीनची बॉबिन केस मोडली. गटातली एकजण एस.टी.ने तालुक्याला गेली. तिथे असे बोलणे झाले.

"दादा, बॉबिन केस द्या."

"कुठल्या मशीनची, ताई?"

"पॉवर मशीनची."

"ते कळलं. पण कंपनी कुठली? नंबर काय?"

"शिंगरचं आहे. काळं आहे. जुनं आहे."

"अहो ताई, शिंगरची किती तरी जातीची मशीनं आहेत! मोडकी केस आणली का बरोबर?"

"नाही हो. ती घरीच राहिली."

दुकानदाराने अंदाजाने एक केस दिली. घरी आल्यावर ती बसली नाही. एक दिवस गेला. एस.टी.चे भाडे गेले. केसचे पैसे अडकले. कापलेले कापड तसेच पडून राहिले. यात दुकानदाराचा दोष नाही. त्या बाईंचाही नाही. भाग कसा मागावा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

भाग नावाने मागायचा नसतो. तीन गोष्टी सांगून मागायचा असतो. नंबर, नमुना आणि माप.

२. पहिली गोष्ट : नंबर

मशीन नीट पुसा. उजेडात न्या. अंगावर कुठे कुठे अक्षरे आहेत ती पाहा. पितळेची किंवा पत्र्याची एक लहान पट्टी असते. तिच्यावर मशीनची जात लिहिलेली असते. जुन्या सिंगर मशीनवर '३१ के २०' असे काही दिसेल. जुकीवर 'डीडीएल' ही अक्षरे आणि पुढे ५५५० किंवा ८७०० असा आकडा दिसेल. हाच जातीचा नंबर. दुकानदाराला तो हवा असतो.

सिंगरच्या नंबरात 'के' हे अक्षर का येते, ठाऊक आहे? स्कॉटलंड देशात क्लाइडबँक नावाचे गाव आहे. तिथे सिंगर कंपनीचा फार मोठा कारखाना होता. १८८५ साली तो उघडला. तिथे बनलेल्या मशीनच्या जातीत 'के' हे अक्षर घालत. १९८० साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे 'के' असलेल्या आपल्या मशीनचे मूळ घर आता राहिलेले नाही. त्याचे भाग शिल्लक मालातून, जुन्या मशीनमधून किंवा दुसऱ्यांनी बनवलेल्या नकलेतून मिळवावे लागतात. म्हणून नंबर अचूक हवा.

मशीनवर दुसराही एक लांब आकडा असतो. सिंगरवर त्याच्या आधी इंग्रजी अक्षरे असतात. तो त्या एका मशीनचा अनुक्रमांक. त्यावरून मशीन कोणत्या साली बनले ते कळते. पण भाग मागायला जातीचा नंबर लागतो. दोन्ही उतरून घ्यावे. मात्र एकाच्या जागी दुसरा सांगू नये.

लहान भागांवरही नंबर कोरलेले असतात. फूट, प्लेट, बॉबिन केस यांवर बारीक आकडे असतात. ते दिसत नसतील तर एक युक्ती करा. आकड्यांवर पातळ कागद ठेवा. पेन्सिल आडवी धरून हलके घासा. आकडे कागदावर उमटतात. इंग्रजी अक्षर ओळखता येत नसले, तरी चित्र काढावे तसे हुबेहूब उतरवून घ्या. आपण वाचायला शिकलो, त्याचा हा रोकडा फायदा आहे.

३. दुसरी गोष्ट : नमुना

मोडका भाग कधी टाकू नका. तो फडक्यात बांधून दुकानात न्या. दुकानदार नवा भाग त्याच्या शेजारी ठेवून पाहील. बॉबिन केस हवी असेल, तर एक बॉबिनही बरोबर न्या. कारण एकसारख्या दिसणाऱ्या केस एकसारख्या नसतात. सिंगरच्या ३१ जातीत हुक पाळण्यासारखे पुढे-मागे डुलते. जुकीच्या डीडीएल जातीत हुक गोल फिरते. म्हणून एकाची केस दुसऱ्याला चालत नाही.

बॉबिन केसमध्ये टाकून पाहा. ती मोकळी फिरली पाहिजे. कडेच्या वर येता कामा नये.

४. तिसरी गोष्ट : माप

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. पट्टीने मोजावे.

*फूट :* फूट खाली टेकवा. ज्या स्क्रूने ते बसते, त्याच्या मध्यापासून खालच्या प्लेटपर्यंत मोजा. घरच्या मशीनला हे अंतर साधारण अर्धा इंच भरते. पॉवर मशीनला साधारण एक इंच. म्हणून घरच्या मशीनचे फूट पॉवर मशीनला लावू नये.

*पट्टा :* जुना पट्टा तुटला असेल, तर दोन्ही चाकांभोवती सुतळी गुंडाळा. खूण करा. सुतळी सोडून मोजा. इंचांत जे माप येईल, त्याच्या जवळचा पट्टा मागा. मोटर थोडी वरखाली सरकते. त्यामुळे थोडाफार फरक भरून निघतो.

*स्क्रू :* इथे पुष्कळजण फसतात. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू सारखाच दिसतो. पण शिवणयंत्राच्या स्क्रूचे आटे निराळे असतात. अनेक स्क्रूंना इंचाला ४० आटे असतात. बाजारातल्या ४ मिलिमीटर जाडीच्या साध्या स्क्रूला इंचाला सुमारे ३६ आटे असतात. असा स्क्रू दोन फेरे जातो आणि अडतो. मग माणूस जोर लावतो. भोकातले आटे मरतात. स्वस्त स्क्रूपायी मशीनचे अंग बिघडते. स्क्रू बोटांनी सहज जात नसेल, तर तो आपल्या मशीनचा नाही असे समजा.

५. सुईची गोष्ट

सुई हा सर्वांत लहान भाग, पण सर्वांत जास्त घोटाळा तिचाच होतो.

घरच्या मशीनच्या सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो. पॉवर मशीनच्या सुईचा माथा गोल असतो. पॉवर मशीनच्या सुयांतही प्रकार आहेत. पाकिटावर दोन आकडे असतात. एक सुईच्या जातीचा, दुसरा जाडीचा.

जुकीच्या डीडीएल जातीच्या साध्या एकसुई मशीनला बहुधा 'डीबी × १' ही सुई लागते. हिलाच '१६ × २३१' आणि '१७३८' अशीही नावे आहेत. नावे तीन, सुई एकच. तिचा माथा १.६२ मिलिमीटर जाड असतो. दुसरी जात 'डीपी × ५'. तिचा माथा २ मिलिमीटर. ती पहिल्या मशीनच्या भोकात जातच नाही. उलट बारीक माथ्याची सुई मोठ्या भोकात ढिली बसते, एका बाजूला सरते. मग टाके सुटतात, सुई हुकवर आपटते. दोष मात्र मशीनला मिळतो.

जाडीचा आकडा १४/९० असा जोडीने असतो. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०. पातळ कापडाला ११, गणवेशाच्या कापडाला १४ किंवा १६, जाड कापडाला १८.

सुई लावताना लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूला आणि खोलगट भाग हुकच्या बाजूला ठेवावा. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळावा.

६. प्लेट आणि दाते

प्लेट, दाते आणि फूट ही तीन भावंडे आहेत. कापड पुढे नेण्याचे काम तिघे मिळून करतात. प्लेटमधल्या फटी आणि दात्यांच्या ओळी जुळल्या पाहिजेत. म्हणून तिन्ही झिजले असतील तर एकदम घ्यावे. दुकानात याला 'गेज सेट' म्हणतात. पातळ कापडाला बारीक दाते व प्लेटचे लहान भोक, जाड कापडाला मोठे दाते व मोठे भोक. मोठ्या भोकात पातळ कापड आत ओढले जाते. लहान भोकात जाड सुई आपटते.

नव्या प्लेटच्या भोकावरून थोडा कापूस फिरवून पाहा. तंतू अडकला तर कडेला खरखर आहे. ती दोरा तोडणार. तशी प्लेट घेऊ नका.

७. जोडसाधने

मशीन तेच, पण साधन जोडले की नवे काम करते. हेमर कापडाची कड आपोआप दुमडतो. रुमाल, ओढणी यांना तो उपयोगी. एका बाजूचे फूट चेन लावायला लागते. बाइंडर कडेवर पट्टी चढवतो. पट्टी किती रुंद कापावी? तयार पट्टी पाव इंच हवी असेल, तर चौपट म्हणजे एक इंच, शिवाय कापडाच्या जाडीपुरती थोडी जास्त.

बाइंडर मशीनच्या पाटावर स्क्रूने बसतो. म्हणून पाटावरच्या भोकांमधले अंतर मोजून न्या. हेमर घेताना दुमड किती इंचाची ते सांगा. आणि आपले कापड दुकानात न्या. पातळ कापडाच्या साधनात जाड कापड शिरत नाही.

८. कुठे शोधावे?

आधी तालुक्यातल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारा. त्याच्या डब्यात जुने भाग असतात. मग जिथे कपडे शिवण्याचे कारखाने आहेत, त्या गावी पाहा. सोलापुरात गणवेश शिवतात, उल्हासनगरला जीन्स शिवतात. जिथे मशीन जास्त, तिथे भागही जास्त. पंजाबातले लुधियाना शहर शिवणयंत्रे आणि त्यांचे भाग बनवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या दुकानातही तिथला माल येतो.

फार जुन्या मशीनसाठी आणखी एक वाट आहे. त्याच जातीचे बंद पडलेले मशीन भंगारात मिळाले, तर घेऊन ठेवावे. एका मेलेल्या मशीनवर दुसरे कितीतरी दिवस जगते.

दूरच्या दुकानाला मोबाइलवर फोटो पाठवता येतो. भागाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. पैसे पाठवण्याआधी विचारावे, "बसला नाही तर परत घ्याल का?" पावती मागावी.

दुकानात जाताना अशी चिठ्ठी न्यावी :

मशीन : सिंगर, ३१ के २०
हवा तो भाग : बॉबिन केस
जुन्या भागावरचा नंबर : (आहे तसा उतरवून)
सोबत : मोडकी केस, एक बॉबिन
काम : शाळेचे गणवेश

९. जिवाला जपा

भाग बदलण्याआधी बटण बंद करा. पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या क्लच मोटरचे चाक बटण बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहते. त्या वेळी पाय पायटावर पडला, तर सुई बोटातून जाते. म्हणून बटण बंद करावे, पायटा दाबून मशीन पूर्ण थांबू द्यावे, मगच हात घालावा. नवा भाग लावल्यावर पहिले काही टाके हाताने चाक फिरवून घ्यावेत. कुठे अडले तर लगेच थांबावे.

हुक बसवण्याचे काम मात्र मिस्त्रीकडे द्यावे. हुक आणि सुई यांच्यामध्ये कागदाच्या जाडीहून जास्त अंतर चालत नाही.

लक्षात ठेवा

नंबर उतरवा. नमुना न्या. माप घ्या.
जोर लावून काही बसवू नका.
मोटर पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.

प्रश्न

१. जातीचा नंबर आणि अनुक्रमांक यांत फरक काय?
२. बॉबिन केस आणायला जाताना बरोबर काय न्यावे?
३. साधा स्क्रू मशीनला का लावू नये?
४. तयार पट्टी अर्धा इंच हवी. कापडाची पट्टी किमान किती रुंद कापाल?

हे करा

वहीचे एक पान मशीनसाठी ठेवा. त्यावर मशीनची जात, अनुक्रमांक, सुईची जात आणि पट्ट्याचे माप लिहा. मशीन चालू आहे तोवरच हे लिहून ठेवा. पान सर्वांना सापडेल अशा जागी ठेवा.