फळगळ की डिंक्या?

तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

आंबिया बहाराच्या संत्र्यावर व्यापाऱ्याने दिलेला इसार चिरंजीवाने ताईकडून मागवून घेतला आणि टेलिग्रामवरील कुठल्याशा गटाने सुचवलेल्या आठ रुपयांच्या शेअरमध्ये घातला, अशी वार्ता आर्वीहून आलेल्या सोयऱ्यांनी सांगितली. चिरंजीव फोन उचलत नसल्याने तिचे खरेखोटे कळलेले नाही, म्हणून हे पत्र.

आठ रुपयांचा शेअर स्वस्त आणि तीन हजारांचा महाग, ही समजूत सर्रास आढळते. परंतु शेअर हा कंपनीच्या मालकीचा हिस्सा असल्याने त्या हिश्शामागे कंपनी वर्षाला किती कमावते हे पाहिल्यावाचून स्वस्ताई ठरत नाही. भावाला प्रतिशेअर नफ्याने भागून येणाऱ्या आकड्यास किंमत-उत्पन्न गुणोत्तर म्हणतात, आणि तोट्यातील कंपनीच्या बाबतीत त्याला काही अर्थच उरत नाही. बागेचा व्यापारी झाडाझाडाखाली हिंडून फळाचा अंदाज घेतल्याशिवाय इसाराला हात घालत नाही. तोच पैसा ताळेबंद न उघडता, सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे की नाही हेही न पाहता गेला असेल, तर ती चूक लहान नव्हे.

घेतलेला शेअर पडू लागला की ठेवावा की विकावा, याचे उत्तर दाजींच्या बागेतच आहे. श्रावणातल्या फळगळीत फळ जाते, झाड राहते. डिंक्या रोगात बुंध्याची साल कुजून डिंक पाझरतो, आणि अशा झाडाच्या बुडाशी जितके पाणी साचेल तितका रोग बळावतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० ला स्पर्श केला, ती फळगळ होती. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनीच हिशेबातली सुमारे ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वात नसल्याचे कबूल केले आणि सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्याच दिवशी ४० च्या आसपास आला, तो डिंक्या होता. पडत्या भावात आणखी घेऊन खरेदीची सरासरी उतरवणे, म्हणजेच ॲव्हरेजिंग, फळगळीत एखादे वेळी चालते. डिंक्यात ते बुंध्याला पाणी ठरते. प्रवर्तकांनी आपलेच शेअर गहाण टाकणे, लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा देणे, कागदावर नफा असून हातात रोकड न येणे, ही साल कुजल्याची चिन्हे होत.

तोटा भरून काढण्यासाठी फ्युचर्स-ऑप्शन्सकडे, म्हणजे पुढील भावावर केलेल्या करारांकडे, मुळीच वळू नये. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाल्याचे सेबीच्या पाहणीत दिसले आहे. इसार गेलाच असेल, तर त्यामागे ताईच्या पाटल्या जाऊ नयेत.

हे सांगण्याचा अधिकार मामाला नाही असे ताई म्हणेल, आणि त्यात तिचे चुकणार नाही. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर असताना याच मामाने तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून एका कंपनीचे शेअर घेतले, हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येऊन भाव ढासळल्यावर आणखी दोनदा घेतले, आणि ती कंपनी पुढे बंद पडली; तिची कागदी प्रमाणपत्रे ट्रंकेत अजून आहेत. पैशाचे दुःख विरले. मात्र आबा त्या रकमेविषयी विचारत तेव्हा दोन वर्षे दिलेली थातुरमातुर उत्तरे आजही झोपू देत नाहीत. सारे कळल्यावर आबा रागावले नाहीत. एवढे दिवस हे एकट्याने का वागवले, इतकेच त्यांनी विचारले.

चिरंजीव फोन उचलत नाही त्याचे कारण तेच असेल, तर वर लिहिलेले सारे बाजूला ठेवावे. इसार फेडता येईल. व्यापाऱ्याशी मामा बोलेल, बाग उभी आहे. ताईला फक्त पोरगा जेवतो-खातो की नाही याची काळजी आहे.

पोळ्याला यावे. नागपूरहून अमरावतीकडे जाणारी एसटी तळेगावला थांबते; कितीही रात्र झाली तरी मामा तेथे उभा असेल, आणि पैशाचा विषय चिरंजीवाने स्वतः काढल्याशिवाय घरात कोणी काढणार नाही.