नम्र म्हणजे हलका नव्हे

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली आहे का? रापण म्हणजे मासे पकडण्याचे खूप लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात. मग पुष्कळ माणसे किनाऱ्यावरून त्याची दोन्ही टोके ओढतात. अंग वाकवून जोर लावावा लागतो. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात.

वाकून काम करणारी ही माणसे हलकी आहेत का? मुळीच नाही. 'नम्र' हा शब्द संस्कृत 'नम्' या धातूपासून आला आहे. नम् म्हणजे वाकणे. नम्र माणूस आपणहून वाकतो. हलका मात्र कोणी नसतो; कामावरून किंवा जन्मावरून लोक त्याला हलका ठरवतात.

तुमच्या उर्दूत 'आजिजी' म्हणजे नम्रता. मराठीत 'अजिजी' म्हणजे काकुळतीने केलेली विनवणी. ज्याला लोक कमी लेखतात, त्याला हक्काच्या गोष्टीसाठीही अजिजी करावी लागते. ती नम्रता नव्हे, तो त्याच्यावरील अन्याय होय. म्हणूनच १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

कायदा झाला; आपली बोली बदलणे आपल्या हाती आहे. मासे विकणाऱ्या मावशी दारात आल्या, तर त्यांना 'अगं' न म्हणता 'अहो मावशी' म्हणा. नम्रता तेथून सुरू होते.

शब्दार्थ : काकुळतीने – अगदी दीनपणे, कमी लेखणे – तुच्छ समजणे.

स्वाध्याय : नम्रता आणि अजिजी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.