मेन राज्यातील गरिबांचा आरोग्यविमा

आजार श्रीमंत-गरीब पाहून येत नाही. औषधोपचाराचा खर्च मात्र गरिबालाच असह्य होतो. म्हणून अमेरिकेत १९६५ साली ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना निघाली. केंद्र आणि राज्ये मिळून तिचा खर्च उचलतात. परंतु मुले, गरोदर स्त्रिया, अपंग आणि वृद्ध यांच्यावरच तिचा भर होता. धडधाकट पण गरीब असा प्रौढ पुष्कळ राज्यांत तिच्याबाहेर राहिला.

२०१० च्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ६५ वर्षांखालील प्रौढांना ती खुली करावयाचे ठरले. पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोपविला. ईशान्येकडील मेन राज्याच्या विधिमंडळाने त्याला पाच वेळा संमती दिली. राज्याच्या तिजोरीवर भार पडेल, म्हणून गव्हर्नर पॉल लेपेज यांनी पाचही वेळा नकाराधिकार वापरला. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रश्न जनतेपुढे गेला आणि सुमारे ५९ टक्के मते विस्ताराच्या बाजूने पडली. सार्वमताने हा निर्णय करणारे मेन हे पहिलेच राज्य होय.

तरीही वर्षभर विमा मिळेना. जानेवारी २०१९ मध्ये नव्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी आपल्या पहिल्याच आदेशाने अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा कोठे दार उघडले.

विद्यार्थी मित्रहो, मत दिले म्हणजे नागरिकाचे कर्तव्य संपले, असे नाही. कायदा कागदावरून रुग्णाच्या उशाशी पोहोचेपर्यंत त्याने जागे राहिले पाहिजे.