जाळ्यात आलेले प्लॅस्टिक

केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लम शहराच्या उत्तरेस, अष्टमुडी सरोवर समुद्रास मिळते. ह्या मुखाच्या दोन अंगांस नीण्डकरा व शक्तिकुळंगरा ही मच्छीमारांची दोन गावे आहेत. आपल्या देशातील यांत्रिक मासेमारीच्या इतिहासात ह्या गावांस विशेष स्थान आहे. कारण १९५३ साली सुरू झालेल्या भारत-नॉर्वे मत्स्यप्रकल्पाचे काम प्रथम येथेच झाले. वल्ह्याशिडांच्या होड्यांबरोबर यंत्रनौका आल्या, आणि पुढे कोळंबीसाठी समुद्राच्या तळावरून ओढून नेण्याचे पिशवीसारखे मोठे जाळेही आले. ह्या जाळ्यास ट्रॉल असे म्हणतात.

ट्रॉल जाळे निवड करीत नाही. तळावर जे काही असेल ते त्याच्या तोंडात शिरते. म्हणून नौकेवर जाळे उपसले की कोळंबीबरोबर पिशव्या, बाटल्या, दोरखंडाचे तुकडे, चपला आणि दुसऱ्या कोणाची तरी फाटकी जाळीही फलाटावर पडतात. वर्षानुवर्षे मच्छीमार त्यातील मासळी निवडून घेत आणि बाकीचे पुन्हा समुद्रात लोटून देत.

किनाऱ्यावर बसून पाहणाऱ्यास हा निव्वळ बेफिकीरपणा वाटेल. परंतु त्या माणसांच्या जागी उभे राहून विचार केला पाहिजे. नौकेवरील जागा मोजकी. त्यात बर्फ, मासळी, जाळी आणि माणसे. एवढे करून कोणी ती घाण बंदरात आणलीच, तर तेथे ती ठेवावयाची कोठे? धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो. तेथे कचऱ्याचे पोते उतरवून घेण्यास कोणीही नव्हते. तेव्हा जी पिशवी आज परत टाकली तीच आठवड्याने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या जाळ्यात पुन्हा येई, मासळी निवडण्याचा वेळ खाई, आणि केव्हा केव्हा पंख्यात गुंतून नौकाही अडवून ठेवी. हे सर्वांस कळत होते. उणीव ज्ञानाची नव्हती, जमिनीवरील एका जागेची होती.

ती जागा २०१७ साली मिळाली. राज्याचे मत्स्यव्यवसाय खाते, बंदर अभियांत्रिकी खाते, स्वच्छतेचे काम पाहणारी सरकारी संस्था व नौकामालकांच्या संघटना ह्यांनी मिळून ‘शुचित्व सागरम्’ नावाची योजना आखली. ह्या मल्याळम नावाचा अर्थ मराठी वाचकांस सांगावयास नको. योजना अगदी साधी होती. प्रत्येक नौकेस पिशव्या द्यावयाच्या, जाळ्यात आलेले प्लॅस्टिक त्यात भरून मासळीबरोबर बंदरात आणावयाचे, आणि तेथे ते उतरवून घ्यावयाचे. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे २५ टन माल अशा रीतीने समुद्रातून बाहेर आला. त्यापैकी सुमारे १० टन पिशव्या व बाटल्या होत्या.

येथपर्यंतचे काम पुरुषांचे. पुढचे किनाऱ्यावरच्या स्त्रियांचे. मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया मजुरीवर हा ढीग धुतात, वाळवितात आणि हातांनी निवडतात. वर्तमानपत्रांतून नौकांची चित्रे अधिक आली. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते योजनेचा कणा ह्या निवडणाऱ्या हातांत आहे. त्याचे कारण रसायनशास्त्रात सापडते.

प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नव्हे. लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या जोडून बनणाऱ्या अनेक पदार्थांना आपण हे एकच नाव देतो. त्यांचे गुण परस्परांहून फार भिन्न असतात. पिशव्यांचे पॉलिथिलीन सुमारे ११० ते १३५ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. बाटलीच्या झाकणाचे पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांस. जाळ्याचे नायलॉन २२० अंशांच्या आसपास. आणि पाण्याच्या बाटलीचे पॉलिएस्टर, ज्यास व्यवहारात ‘पेट’ म्हणतात, ते २५० अंशांच्याही वर. ही सर्व एकत्र तापविली तर काही करपतात, काही तशीच राहतात, आणि जे हाती येते ते ठिसूळ व निरुपयोगी असते.

हा भेद विद्यार्थ्यांस वर्गातही पाहता येईल. दोन पेले घ्यावे. एकात साधे पाणी भरावे. दुसऱ्यात १०० मिलिलिटर पाण्यास ३० ग्रॅम ह्या प्रमाणात मीठ विरघळवावे. बाटलीचे झाकण, बाटलीची भिंत आणि पॉलिस्टायरीनचा कडक चमचा ह्यांचे लहान तुकडे करून दोन्हींत टाकावे व बुडबुडे काडीने झटकून काढावे. झाकण दोन्हींत तरंगते, बाटलीचा तुकडा दोन्हींत बुडतो. चमचा मात्र साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात वर येतो. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. पॉलिथिलीन त्याहून हलके, तर नायलॉन व पेट त्याहून जड.

मग प्रश्न असा उद्भवतो की, पिशवी जर पाण्याहून हलकी, तर ती तळावरच्या जाळ्यात येते कशी? पाण्यात पडलेल्या पिशवीवर प्रथम सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग लहान शिंपले. पिशवी अतिशय पातळ असल्याने तिचे स्वतःचे वजन थोडे आणि पृष्ठभाग मोठा. एवढ्या भाराने ती सहज जड होते व खाली जाते. तिच्या पोटात गाळही भरतो. तेव्हा पृष्ठभागावर काही दिसत नाही, म्हणून समुद्र स्वच्छ आहे, असे अनुमान करता येत नाही.

खारट, शेवाळलेले आणि उन्हाने क्षीण झालेले हे प्लॅस्टिक पुन्हा वस्तू बनविण्यास फारसे उपयोगी पडत नाही. त्यास मार्ग सापडला तो रस्त्याच्या कामात. मदुराई येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन ह्यांनी ह्या शतकाच्या आरंभी एक पद्धत सिद्ध केली. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवितात आणि प्लॅस्टिकचे बारीक तुकडे तीवर टाकतात. ते क्षणार्धात मऊ होऊन प्रत्येक खड्यावर पातळ लेप चढवितात. त्यानंतर डांबर मिसळतात. लेपामुळे खडीच्या छिद्रांत पाणी शिरत नाही आणि डांबर घट्ट धरते. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१३ मध्ये ह्यासाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. प्राध्यापक वासुदेवन ह्यांस २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

वर दिलेली तापमाने आता पुन्हा पाहावी. १६५ अंशांच्या खडीवर पिशवी वितळेल. बाटली वितळणार नाही, नायलॉनचे जाळेही नाही. पीव्हीसीचा नळीचा तुकडा त्यात चुकून गेला तर त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा विषारी वायू निघण्याचे भय असते. म्हणून बाटल्या वेगळ्या, जाळी वेगळी, पीव्हीसी बाहेर, आणि उरलेले तेवढे तुकडे करण्याच्या यंत्रात. हा निवाडा शक्तिकुळंगऱ्यास एखादी स्त्री बोटांच्या स्पर्शावरून करते.

योजनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. एक किलोमीटर अरुंद रस्त्यास साधारण एक टन प्लॅस्टिक लागते असे धरतात. म्हणजे दहा महिन्यांचे ते सगळे २५ टन योग्य जातीचे असते, तरी त्यातून पंचवीसेक किलोमीटरच रस्ता झाला असता. समुद्राच्या मानाने हे अल्प आहे. शिवाय धुणे, निवडणे ह्यांची मजुरी विक्रीतून भरून निघेलच असे नाही. ती सार्वजनिक पैशातून द्यावी लागते, आणि ती थांबली की ढीग धक्क्यावर साचू लागतो. मग तांडेल पुन्हा पिशवी समुद्रात लोटील, आणि त्यास दोष देता येणार नाही.

केरळ सरकारने २०२२ मध्ये राज्याच्या ५९० किलोमीटर किनाऱ्यासाठी ‘शुचित्व सागरम्, सुंदर तीरम्’ ह्या नावाने अशीच मोहीम हाती घेतली. तरीही दर पावसाळ्यात नद्या भरून येतात आणि गावोगावच्या नाल्यांतील पिशव्या सरोवराच्या मुखातून समुद्रात जातात. कोल्लमचे मच्छीमार जे गोळा करतात त्यातील पुष्कळसे त्यांनी टाकलेले नसतेच. आणि जे तुकडे फुटून पाच मिलिमीटरहूनही लहान झाले आहेत, ते ट्रॉलच्या छिद्रांतून निसटून तळावरच राहतात.