अकरा गुण आले, म्हणजे मी दारुडा?

प्रश्न : कंपनीच्या आरोग्य तपासणीत दारूविषयी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. माझे ११ गुण आले. मी फक्त शनिवारी मित्रांबरोबर बसतो, एक क्वार्टर घेतो. बायको म्हणते, ‘तुम्ही कमीच लिहिलंत.’ मला व्यसन आहे का? (वय ४४, नाशिक)

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. वर्णनावरून ती जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली दिसते. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले, की पिणं धोक्याच्या हद्दीत शिरलं असं मानतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. वीस किंवा जास्त गुण असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट तपासणी हवी.

तुमच्या बायकोचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लोक मुद्दाम खोटं लिहितात असं नाही, माप चुकतं. प्रश्नावलीतलं एक ‘ड्रिंक’ म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग. तुमची ‘एक’ क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा ड्रिंक्स! स्ट्राँग बिअरची मोठी बाटलीही साधारण चार भरते. एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा, असा तिसरा प्रश्नच आहे. तिथे तुम्ही ‘कधीच नाही’ लिहिलंत का?

बायकोला शेजारी बसवून कागद पुन्हा भरा आणि फॅमिली डॉक्टरांना दाखवा. सकाळी हात थरथरत असतील, तर दारू एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटा.