सहा अंकांचा पत्ता

मुलांनो, पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. त्यातील लवळे या गावी आज दोन विद्यापीठे आहेत : सिंबायोसिस आणि फ्लेम. दूरदूरचे विद्यार्थी तेथे राहतात. मग गुवाहाटीत टाकलेले पाकीट या डोंगरातील गावी नेमके कसे बरे पोहोचते? त्याचे मर्म पत्त्याच्या अखेरीस लिहिलेल्या ४१२११५ या सहा अंकांत आहे.

पूर्वी टपालाची वर्गवारी माणसाच्या स्मरणशक्तीवर चाले. धावत्या आगगाडीच्या टपालडब्यात कर्मचारी रात्रभर पत्ते वाचीत आणि पत्रे समोरच्या खणांत टाकीत. पत्ता मराठीत असे, बंगालीत असे, तमिळमध्येही असे. अक्षर सुवाच्य असेलच अशी शाश्वती नसे. गावांच्या नावांचा घोळ तर विचारूच नका! पुण्याच्या परिसरातच वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि मावळातील वडगाव अशी तीन वडगावे आहेत. पत्र चुकीच्या खणात पडले की ते चुकीच्या गाडीने जाई. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे मुलाखत होऊन गेल्यावर हाती पडले, तर त्याचा काय उपयोग?

या अडचणीवर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उपाय योजला. ते केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवीही होते. शब्दांवर एवढे प्रेम करणाऱ्या गृहस्थाने देशाला अंकांची भाषा द्यावी, ही मौजेची गोष्ट होय. त्यांची पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली.

आता आपला क्रमांक वाचू. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या विभागाचा. दुसरा अंक त्यातील उपविभाग सांगतो, तर तिसरा वर्गवारीचा जिल्हा. पुणे शहराचे टपाल ४११ मध्ये येते. भोवतालच्या पुष्कळशा गावांचे ४१२ मध्ये. शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या डाकघराचे. म्हणूनच लवळ्याचा क्रमांक ४१२११५, तर त्याच तालुक्यातील पौडचा ४१२१०८. गुवाहाटीच्या कर्मचाऱ्याला मुळशी ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. आरंभीचे अंक पाहून त्याने थैली निवडली की झाले. सैन्याच्या टपालासाठी ९ हा आरंभीचा अंक राखून ठेवलेला आहे.

कोणी नुसते ‘विद्यापीठ, पुणे’ एवढेच लिहिले, तर ते पत्र गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे जाण्याचा संभव अधिक. त्याचा क्रमांक ४११००७ आहे. उलट लवळ्याच्या दोन्ही विद्यापीठांचा क्रमांक एकच! तेथे क्रमांक बिनचूक असूनही संस्थेचे नाव वगळून चालत नाही. पिनकोड पत्राला डाकघरापर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. विद्यापीठाच्या आवारात थैली उघडली म्हणजे वर्गवारी पुन्हा नव्याने करावी लागते : हे विभागाचे, हे ग्रंथालयाचे, हे वसतिगृहाचे. तेथे अंकांपेक्षा पूर्ण नाव, इमारत आणि खोली हीच कामी येतात.

डाक विभागाने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ नावाचा दहा अक्षरांचा संकेत आणला. तो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या जागेचा ठाव सांगतो. मात्र वसतिगृहाच्या एकावर एक असलेल्या खोल्यांना त्यातही एकच संकेत मिळतो. वरच्या मजल्यावरील विद्यार्थ्याचे पत्र खालच्याला मिळू नये म्हणून खोलीचा क्रमांक लिहावाच लागतो.