एम्प्रेस मिलचीं यंत्रें

२००२ सालीं बंद झालेली आपल्या नागपुरांतील एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केली. कापूस जवळ, म्हणून मुंबई सोडून ते येथें आले. परंतु यंत्रें घेतलीं तीं स्वस्तांतलीं, आणि सूत हलकें निघूं लागलें ! तेव्हां त्यांनीं खर्च सोसून चांगलीं यंत्रें आणविलीं. पुढें लँकेशायरचे गिरणीवाले कचरत असतां अमेरिकेंत निघालेली रिंग-चाती त्यांनीं आधीं प्रयोगादाखल चालवून पाहिली, मगच गिरणीभर बसविली. व्यवस्थापक बेझनजी मेहता तर रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले !

मला मात्र याहून थोर वाटते ती त्यांची माणसांविषयींची आस्था. १८८६ सालीं त्यांनीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि उभारला. यंत्रांत हात गमावणाऱ्याच्या घरची चूल विझूं नये, म्हणून १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू केली. सरकारनें तसा कायदा केला तो १९२३ सालीं.